पौर्णिमेला पाहिलेली जागा, सप्तमीला केलेलं शूट

मी पुण्यात राहतो आणि लग्नाचे, लग्नाआधीचे फोटो काढतो. हे प्रकरण दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावातलं आहे. गावाचं, जोडप्याचं आणि मदत केलेल्या माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. बाकी जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो आहे, कारण समुद्रकिनारी शूट करणाऱ्या प्रत्येकाची गाठ कधी ना कधी याच अडचणीशी पडते.

पार्श्वभूमी

लग्न माघातलं होतं. मुलगा नोकरीनिमित्त परदेशात. डिसेंबरअखेर तो दहा दिवसांसाठी आला होता. सोमवारी रात्री मुंबईहून त्याचं विमान होतं आणि नंतर तो येणार होता तो थेट लग्नाच्या चार दिवस आधी. म्हणजे शूटसाठी एकच शनिवार-रविवार हाताशी होता, त्यातही रविवारी रात्री पुण्यात मावशीकडे केळवण ठरलेलं.

मुलीचं आजोळ दापोलीकडचं. लहानपणी मे महिन्यात आजोबा तिला खडपावर, म्हणजे समुद्रालगतच्या सपाट खडकावर, न्यायचे, खेकडे दाखवायचे. लाल नऊवारी, पायाखाली काळं खडप, मागे फेस आणि समुद्रात बुडणारा सूर्य, एवढं चित्र तिच्या मनात पक्कं होतं. आजोबा आता नाहीत. पहिल्या भेटीत तिने मला सांगितलं, "दादा, बाकी कुठेही काढा, पण एक तरी फोटो खडपावरचा हवा."

आमची टीम चार जणांची: मी, सेकंड शूटर, मेकअप करणाऱ्या ताई आणि लाइट धरायला एक मुलगा.

रेकी

शूटच्या बरोबर आठवडाभर आधीच्या शनिवारी मी आणि सेकंड शूटर रेकीला, म्हणजे जागा आधी पाहून यायला, गेलो. त्या दिवशी दत्तजयंती होती. पहाटे साडेपाचला पुणे सोडलं, ताम्हिणी घाटातून उतरलो, मंडणगडमार्गे बाराच्या सुमाराला गावात पोचलो.

गाडी सुरूच्या बनात लावली आणि पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा पाणी पार वर आलेलं होतं. पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, म्हणावी तर दहा-बारा पावलांची. दक्षिणेकडच्या टेकडीच्या पायथ्याशी खडप असल्याचं ऐकलं होतं, तिथे नुसत्या लाटा फुटत होत्या. जेवून, सरपंचांना भेटून, शूटच्या परवानगीचं पत्र देऊन चारला परत आलो तर पाणी मागे सरलेलं. साडेपाचला तर किनाऱ्याचं रूपच पालटलं होतं. शंभरेक पावलं ओली वाळू, आणि तिच्या टोकाला काळं, सपाट, खाचाखाचांचं खडप समुद्रात लांबवर गेलेलं. खाचांमधल्या पाण्यात आकाश दिसत होतं. इतकी चांगली जागा मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

काम मी नीट केलं, असं त्या दिवशी मला वाटत होतं. सूर्य ६ वाजून ५ मिनिटांनी मावळला. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. मुलीने पाठवलेला नमुन्याचा फोटो उन्हाळ्यातला होता, त्यात सूर्य सरळ समोर होता. इथे तो टेकडीच्या सोंडेजवळ उतरणार होता, पण मोबाइलवरच्या सूर्यमार्गाच्या नकाशात सोंडेच्या उजवीकडे बोटभर मोकळी जागा दिसत होती. ती पुरेशी होती. गाडीपासून खडपापर्यंत चालत बारा मिनिटं, कपडे बदलायला होमस्टेची खोली, मोबाइलला रेंज, नऊवारीत चालताना वाळू कुठे भुसभुशीत लागते ते ठिकाण, सगळं वहीत उतरवलं.

खडपावर एक आजी कालवं काढत होत्या. लहानशा लोखंडी हत्याराने शिंपला उघडायचा, आतलं मांस टोकाने उचलून डब्यात टाकायचं, एका कालवाला तीन-चार सेकंद. मी त्यांचे हात टिपत होतो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आज पुनव, म्हणून पाणी लांब गेलंय. चार दिवसांनी हे खडप बघायला पण मिळणार नाय."

वाक्य माझ्या कानावर पडलं, पण वहीत गेलं नाही. दुपारी बाराला भरती आणि संध्याकाळी ओहोटी मी डोळ्यांनी पाहिली होती आणि "इथे दुपारी भरती, संध्याकाळी ओहोटी" असं ते डोक्यात बसलं होतं. भरती-ओहोटी रोज पुढे सरकते हे शाळेत मीही शिकलो होतो. पण डोळ्यांसमोर एवढं मोठं खडप असताना ते आठवलं नाही.

रात्री नऊला मी जोडप्याला चौदा फोटो पाठवले. खाली लिहिलं, "हीच जागा. शनिवारी सव्वापाचला खडपावर." मुलीचं लगेच उत्तर आलं: आईला दाखवले, आईला रडू आलं.

अडचण

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघं साडेसातला गावात पोचलो. अंधार होता, समुद्राचा फक्त आवाज येत होता. जेवायला बसलो तेव्हा होमस्टेचे काका आमटी वाढता वाढता म्हणाले, "उद्या कितीला जाताय खडपावर?"

"पाच ते सव्वासहा."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर टाकली. "उद्या सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. सव्वापाचला पुरी भरती. खडप कुठचं मिळायला तुम्हाला?"

सात पाऊणे सव्वापाच. काकांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती आणि किनाऱ्यावर ती रोज कामाला येते. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या आसपास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. मी रेकीला पाहिली ती हीच ओहोटी. सप्तमी-अष्टमीला सगळं उलटं, संध्याकाळी पाच-सहाला पाणी पूर्ण वर.

यामागचं गणित साधं आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे जाते. आठवड्यात हा सरकाव सहा तासांच्या जवळपास होतो आणि भरतीच्या जागी ओहोटी, ओहोटीच्या जागी भरती येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, त्यामुळे काकांचं गणित पक्षाच्या शेवटाकडे अर्धा-पाऊण तास मागे पडतं आणि जागेप्रमाणे थोडं इकडे तिकडे होतं. पण आदल्या रात्री जेवणाच्या पाटावर निर्णय घ्यायला ते पुरेसं होतं.

दुसरी गोष्ट काकांनी सांगितली ती अधिक वाईट होती. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण येतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. खरं तर सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. म्हणजे आमच्या शनिवारी संध्याकाळी तर सोडाच, ओहोटीच्या वेळी सकाळी अकरालाही खडपाची फक्त पाठ दिसली असती.

मी ज्या जागेचं वचन दिलं होतं ती त्या दोन दिवसांत अस्तित्वातच नव्हती. किनाऱ्यावर जागा म्हणजे ठिकाण आणि तिथी मिळून होते. मी प्रकाशाची रेकी केली होती, पाण्याची केली नव्हती.

समोरचे पर्याय

त्या रात्री ओसरीवर बसून आम्ही चार पर्याय मांडले.

पहिला, तसंच खडपावर जायचं, थोडं लवकर, चारच्या आधी. सेकंड शूटरला हा बरा वाटत होता, कारण मुलीला खडपच हवं होतं. काकांनी तो दोन वाक्यांत मोडून काढला. खडप आणि पुळण यांच्यामध्ये एक खोलगट चर आहे, पाणी चढताना ती आधी भरते. समोर लाट लांब आहे असं वाटत असताना मागचा रस्ता बंद झालेला असतो. नऊवारी नेसलेली मुलगी, शेवाळलेला दगड आणि मागून भरणारं पाणी. या पर्यायावर मी पाच मिनिटंही घालवायला नको होती.

दुसरा, गावावरचा सडा, म्हणजे टेकडीमाथ्यावरचं कातळाचं पठार. डिसेंबरात सड्यावरचं गवत सोनेरी झालेलं असतं, उंचावरून सूर्य टेकडीच्या सोंडेपलीकडे समुद्रात उतरताना दिसतो. भरती-ओहोटीचा प्रश्न नाही. पण वाट आंब्याच्या कलमांमधून जाते, आणि मोहोराच्या दिवसांत कुणाच्या बागेतून सात-आठ जणांनी सामान घेऊन जाणं मला पटेना. मालक मुंबईला, विचारायला कुणी नाही. परतताना पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, अंधारात उतरावी लागली असती.

तिसरा, पुळणीवरच, पण रविवारी सकाळी. पूर्वेला डोंगर असल्यामुळे किनाऱ्यावर ऊन आठ-सव्वाआठशिवाय येत नाही असं काका म्हणाले. सूर्योदय सातच्या सुमाराला, म्हणजे तासभर मऊ, सावलीतला उजेड. पाणी तेव्हा उतरत असणार, मागे ओली वाळू राहणार आणि तिच्यात प्रतिबिंब. मी तो किनारा सकाळी पाहिलेलाच नव्हता. रेकीच्या रात्री मुक्काम न करता पुण्याला परतलो होतो, ते इथे नडलं.

चौथा पर्याय काकूंनी सुचवला. "खाडीवर का नाही जात? भरतीला खाडी भरते." गावापासून चार किलोमीटरवर खाडीचा धक्का आहे. रेकीच्या दिवशी आम्ही त्याच्याजवळून गेलो होतो, पण तेव्हा तिथे चिखल आणि कलंडलेल्या होड्या पाहिल्या आणि गाडी थांबवलीही नाही. जी भरती आमचं खडप घेऊन जात होती तीच खाडी भरून देणार होती. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा थोडा धीर आला.

शूट पुढे ढकलणं हा पाचवा पर्याय होता, पण मुलाच्या विमानामुळे तो नावालाच.

काय केलं

पहिला निर्णय फोनचा. जोडपं पहाटे पाचला पुण्याहून निघणार होतं. सेकंड शूटरचं म्हणणं होतं की ते इथे आल्यावर, भरती डोळ्यांनी दाखवून सांगू, रात्री कशाला त्रास द्यायचा. मी रात्री दहाला फोन केला. लाल नऊवारी काळ्या दगडासाठी निवडली होती. खाडीचं हिरवट पाणी आणि होड्यांचे भडक रंग यांच्यासमोर तिचा मोतिया रंगाचा शालू अधिक चांगला दिसला असता, आणि तो घरी कपाटात होता. शिवाय रविवारची सकाळ हवी असेल तर त्यांना एक मुक्काम वाढवावा लागणार होता.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण दादा, तुम्ही तर फोटो पाठवले होते." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "मी तिथी पाहिली नाही. चूक माझी आहे. मुक्कामाचा आणि मेकअपच्या दुसऱ्या दिवसाचा खर्च मी करतो." नंतर तिचे वडील फोनवर आले. ते आधी रागावले, मग त्यांनी विचारलं, "धोका नाही ना कुठे?" त्या प्रश्नावर मी "नाही" असं ठामपणे सांगू शकलो, कारण पहिला पर्याय आम्ही आधीच टाकून दिला होता.

शनिवारी सकाळी आठला आम्ही धक्क्यावर होतो. पाणी उतरत होतं. अकराला खाडीत मधोमध एक बारीक धार आणि दोन्ही बाजूंना करडा चिखल एवढंच राहिलं. कांदळवनाची मुळं उघडी पडली होती. सेकंड शूटर म्हणाला, "इथे?" त्याचा प्रश्न रास्त होता. आता आम्हाला सगळ्यात वाईट वेळी जागा पाहून सगळ्यात चांगल्या वेळेची कल्पना करायची होती.

त्यासाठी धक्क्याच्या पायऱ्या वाचाव्या लागल्या. एकूण चौदा पायऱ्या. वरून दुसऱ्या पायरीवर वाळकी काडी, सुरूच्या सुया आणि एक बाटलीचं झाकण अशी सरळ ओळ अडकलेली होती, कडकडीत वाळलेली. ती मागच्या आठवड्यातल्या उधाणाची खूण. सहाव्या पायरीपासून खाली दगड काळा आणि ओला, हाताला गार लागत होता. ते त्या दिवशी पहाटे येऊन गेलेलं पाणी. त्याच्या खाली हिरवं शेवाळ, मग कालवांचे धारदार शिंपले. उधाण आणि भांग यांच्यातलं चार पायऱ्यांचं अंतर त्या दगडावर लिहिलेलं होतं. मी गुडघे टेकून प्रत्येक पायरीचा फोटो काढला. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, विचारलं, तेव्हा त्यांनी न पाहताच सांगितलं, "साडेपाचला सहाव्या पायरीला पाणी लागेल. एखादी पायरी इकडे तिकडे."

मग सूर्य. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आणि त्यावर सुरूची झाडं, म्हणजे सूर्य क्षितिजापर्यंत दिसणार नव्हता. हात लांब करून बोटं आडवी धरली की एक बोट म्हणजे सूर्याची सात-आठ मिनिटं. सुरूचे शेंडे क्षितिजापासून तीन बोटं वर होते. म्हणजे सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर असला तरी आमचं ऊन पाच चाळीसलाच संपणार.

मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना भेटलो. किनाऱ्यासाठी दिलेलं पत्र इथे चालत नव्हतं. ते म्हणाले, "काढा फोटो, पैसे नकोत. फक्त बोट अडवू नका." आम्ही हो म्हटलं. ड्रोन बॅगेतच ठेवायचं ठरलं. हवाई हद्दीचा नकाशा आम्ही किनाऱ्यापुरताच तपासला होता, आणि मासळीच्या धक्क्यावर घारी इतक्या फिरत होत्या की एखादी ड्रोनवर आली असती.

निष्पत्ती

साडेचारला आम्ही तयार होतो. पाणी नवव्या पायरीला, सोनेरी ऊन होड्यांच्या कुशीवर, मुलगी शालूत. पावणेपाचला पहिली बोट आत आली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीत मोठी बोट त्यावरून येऊ शकत नाही, म्हणून बोटी बाहेर थांबतात आणि पाणी चढलं की त्या पाण्यावर आत येतात. आम्हाला भरती हवी होती त्याच वेळी त्यांनाही हवी होती. अध्यक्षांचं "बोट अडवू नका" हे वाक्य मी परवानगीची अट म्हणून ऐकलं. बोटी किती वाजता येतात हा पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला. पुढची चाळीस मिनिटं धक्क्यावर बर्फाच्या पेट्या, टोपल्या, हाका आणि मासळीचं पाणी. आम्ही कडेला उभे राहिलो. मेकअपच्या ताईंनी शालूचा काठ हातात वर धरून ठेवला होता.

पाच पंचवीसला धक्का मोकळा झाला. पाणी सहाव्या पायरीला नुकतं लागत होतं. मी मुलीला सातव्या पायरीवर पाय आणि पाचव्या पायरीवर बसायला सांगितलं, तिच्या पैंजणावरून पाणी येत-जात होतं. ऊन पाच बेचाळीसला सुरूच्या मागे गेलं. हातात सतरा मिनिटं मिळाली. ठरवलेल्या सहा फ्रेमपैकी तीन झाल्या. पाण्याने भरलेल्या पण बोटी नसलेल्या खाडीची रुंद फ्रेम झालीच नाही, कारण खाडी रिकामी नव्हती. त्यानंतर सव्वासहापर्यंत संधिप्रकाशात, नुकत्याच नांगरलेल्या बोटी मागे घेऊन, आम्ही आणखी काढत राहिलो. अल्बमच्या मुखपृष्ठावर पुढे त्यातलाच एक फोटो गेला.

रविवारी सकाळी पावणेसातला आम्ही पुळणीवर होतो. काकांनी सांगितलं तसंच झालं. आठ वाजून वीस मिनिटांपर्यंत डोंगराची सावली, पाणी मागे सरत होतं आणि ओल्या वाळूत दोघांची प्रतिबिंबं उलटी दिसत होती. गर्दी नाही, घाई नाही. मुलाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोघं लाटेच्या कडेने चालत गेले. मी फक्त मागून चालत होतो. ती सकाळ त्या दोन दिवसांतली सगळ्यात शांत वेळ होती.

खडप मात्र राहिलं. निघताना मुलगी टेकडीच्या पायथ्याकडे पाहत उभी होती. पाण्यातून त्याची काळी पाठ तेवढी वर आली होती.

वाढीव खर्च साधारण नऊ हजार रुपये झाला, तो मी केला.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक रेकीची तारीख. आम्ही लग्नाच्या कामांमध्ये जो शनिवार मोकळा मिळाला तो घेतला. समुद्रासाठी आठवडाभराचं अंतर सगळ्यात फसवं, कारण जागा तीच आणि पाणी नेमकं उलटं. पंधरवड्याचं अंतर ठेवलं असतं तर जवळपास तेच पाणी, त्याच वेळी दिसलं असतं, फार तर तासाभराच्या फरकाने. पंधरा दिवस आधी जाणं जमत नसेल तर निदान शूटच्या तारखेची तिथी पाहून निघायचं आणि रेकीत जे पाणी दिसतंय ते त्या दिवशी कुठे असेल हे जागेवर उभं राहून स्वतःला विचारायचं. भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून समुद्राचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे मिळतात. पाऊणकी आणि कोष्टक दोन्ही जुळले की मग मेकअपची वेळ ठरवावी.

दुसरा क्षण आजींच्या वाक्याचा. त्यांनी मला नेमकी तीच माहिती दिली होती जी मला लागणार होती, आणि मी तेव्हा त्यांच्या हातांचे फोटो काढण्यात गुंतलो होतो. आता रेकीत मी कॅमेरा काढण्याआधी तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी एकच प्रश्न विचारतो: "अमुक तिथीला, अमुक वाजता इथे काय असतं?" कालवं काढणाऱ्या, जाळी ओढणाऱ्या माणसाला हे तोंडपाठ असतं, कारण त्याचा दिवस त्यावर चालतो. धक्क्यावर हाच प्रश्न विचारला असता तर बोटींची वेळही कळली असती आणि आम्ही पाच पंचवीसपर्यंत कांदळवनाच्या बाजूला काम केलं असतं. एका आठवड्यात एकाच तऱ्हेची माहिती माझ्याकडून दोनदा निसटली, हे मला अजून बोचतं.

तिसरा, त्या चौदा फोटोंचा. रेकीचे फोटो आम्ही उत्साहाने पाठवतो, पण घरच्यांच्या लेखी ते वचन असतं. आईला रडू आलेल्या फोटोला "परिस्थिती बदलली" असं सांगणं फार कठीण जातं. आता मी फोटोसोबत तारीख, वेळ आणि तिथी लिहितो, आणि शूटच्या वेळी पाणी कुठे असेल तेही. तेवढं खात्रीने लिहिता येत नसेल तर फोटो पाठवत नाही.

रात्री दहाचा फोन मात्र बरोबर होता, असं मी आजही म्हणेन. त्या फोनमुळे शालू आला, मुक्काम वाढला, आणि गाडीतल्या पाच-सहा तासांत राग निवायला वेळ मिळाला. दुपारी किनाऱ्यावर उभं करून सांगितलं असतं तर तोच धक्का घेऊन तिला कॅमेऱ्यासमोर बसावं लागलं असतं.

आणि रेकीला मुक्काम करायला हवा होता. एका जागेची संध्याकाळ पाहून आम्ही परतलो, म्हणून तिची सकाळ शुक्रवारी रात्री दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली.

लग्न झालं. मुलाने शिमग्यापर्यंत रजा वाढवली आहे, दोघं पालखीला आजोळी जाणार आहेत. मागच्या आठवड्यात मुलीचा फोन आला, "दादा, खडप कधी मिळेल?" फाल्गुन पौर्णिमेला ओहोटी सूर्यास्ताच्या बरीच आधी पडते, म्हणून मी तिला दुसऱ्या दिवसाची, धुळवडीची संध्याकाळ सांगितली आहे. तेव्हा सूर्य जवळजवळ नेमक्या पश्चिमेला, टेकडीच्या सोंडेपासून लांब, मोकळ्या समुद्रात उतरेल. लाल नऊवारी तिने वेगळी काढून ठेवली आहे. त्याआधी पंधरा दिवस, फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला, मी संध्याकाळी त्याच वेळी खडपावर जाऊन येणार आहे, आणि रात्री काकांकडे मुक्काम करणार आहे.